धर्मग्राम : रचना, दैनंदिन जीवन आणि सेवाकार्य

रविवारच्या मिस्साला येणे, मुलांचे बाप्तिस्मे आणि विवाह चर्चमध्ये करणे व वर्षातून एकदा सणाला एकत्र जमणे, एवढ्यावरच पुष्कळ भाविकांची आपल्या धर्मग्रामाशी असलेली ओळख थांबते. चर्चच्या कार्यालयात कोणत्या नोंदी ठेवल्या जातात, अंथरुणाला खिळलेल्या आजाऱ्याकडे ख्रिस्तप्रसाद कोण नेतो, अडचणीतील कुटुंबाची विचारपूस कोण करतो, आपण दिलेल्या पैशांचा हिशेब कोण ठेवतो, हे प्रश्न बहुधा प्रसंग ओढवल्यावरच पडतात. अशा वाचकांसाठी धर्मग्रामाची रचना, त्याचा दिनक्रम आणि त्याची सेवाकार्ये यांची माहिती आम्ही येथे एकत्र देत आहोत. उदाहरणे मुख्यत्वे वसई धर्मप्रांतातील परिस्थितीची असली, तरी ख्रिस्तसभेच्या कायद्याचे जे नियम सांगितले आहेत ते लॅटिन विधीच्या सर्व धर्मग्रामांना लागू आहेत.

धर्मग्राम म्हणजे काय?

चर्च ही वास्तू आहे. धर्मग्राम हा माणसांचा समूह आहे. १९८३ साली लागू झालेल्या कॅनन लॉच्या ५१५ व्या कलमानुसार धर्मग्राम म्हणजे धर्मप्रांतात कायमस्वरूपी स्थापन झालेला श्रद्धावंतांचा समुदाय होय. बिशपांच्या अधिकाराखाली त्याची आध्यात्मिक काळजी एका प्रमुख धर्मगुरूंवर सोपविलेली असते. सर्वसाधारणपणे धर्मग्रामाला भौगोलिक सीमा असते आणि त्या सीमेत राहणारा प्रत्येक कॅथॉलिक, तो चर्चला येवो अथवा न येवो, त्या धर्मग्रामाचा असतो. त्याची काळजी वाहण्याचे बंधनही त्या धर्मग्रामावर असते.

पॅरिश हा शब्द ग्रीक ‘पारोइकिया’ या शब्दापासून आला आहे. परक्या भूमीत तात्पुरती वस्ती करून राहणे, असा त्याचा मूळ अर्थ. संत पेत्राच्या पहिल्या पत्रात श्रद्धावंतांच्या पृथ्वीवरील वास्तव्यासाठी हाच शब्द आलेला आहे. म्हणजे ज्या शब्दातून आज आपल्याला पिढीजात गाव, घर व दफनभूमी डोळ्यांपुढे येते, त्याचे मूळ मात्र परगावी आलेल्या माणसाच्या अनुभवात आहे. वसईसारख्या झपाट्याने बदलणाऱ्या भागात हा अर्थ ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

ख्रिस्तसभेतील सेवाकार्याची पहिली व्यवस्था कशी निर्माण झाली, हे ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे. यरुशलेममध्ये रोजच्या अन्नवाटपात ग्रीक भाषिक विधवांची उपेक्षा होते, अशी तक्रार आली. प्रेषितांनी ती दडपली नाही. त्यांनी समुदायाला सात माणसे निवडावयास सांगितले व ते काम त्यांच्यावर सोपविले. कोणीतरी राहून गेले, हे लक्षात आले आणि त्यातून ही व्यवस्था जन्मास आली. धर्मग्रामातील प्रत्येक मंडळ, प्रत्येक नोंदवही आणि प्रत्येक गृहभेट यांचे प्रयोजन आजही तेच आहे, असे आम्हांस वाटते.

वसईची पार्श्वभूमी

१५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशाह याच्याशी झालेल्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली. त्या शतकात फ्रान्सिस्कन, जेज्वीट व अन्य संघांच्या धर्मगुरूंनी येथे चर्च उभारली. १७३९ साली चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी वसई जिंकली. पोर्तुगीज सत्ता गेली, तरी गावोगावचे ख्रिस्ती समाज टिकून राहिले आणि गोव्याहून आलेल्या धर्मगुरूंनी त्यांची सेवा केली. १५९७ साली जपानमधील नागासाकी येथे हुतात्मा झालेले व १८६२ साली संतपदी विराजमान झालेले संत गोन्सालो गार्सिया हे याच वसईचे सुपुत्र. २२ मे १९९८ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी मुंबई महाधर्मप्रांतातून वेगळा करून वसई धर्मप्रांत स्थापन केला.

सामवेदी, वाडवळ, कोळी अशा निरनिराळ्या समाजांच्या बोली वेगळ्या असल्या, तरी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केल्यानंतर लॅटिनच्या जागी मराठी ही या सर्वांच्या उपासनेची समान भाषा झाली. ‘सुवार्ता’सारख्या मासिकाने व धर्मप्रांतातील मराठी ग्रंथनिर्मितीने ती अधिक समृद्ध केली.

गेल्या काही दशकांत मात्र परिस्थिती पालटली आहे. पूर्वी एका आळीतील घरे एकमेकांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखत. कोणाकडे बाळ जन्मले, कोण आजारी पडले, कोणाच्या घरी चूल पेटली नाही, हे कोणी सांगावे लागत नसे. आज वाड्यांच्या जागी इमारती आल्या आहेत. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या बारा लाखांच्या वर गेली होती. मुंबईतून, केरळहून, कर्नाटकाच्या किनाऱ्यावरून आलेली कॅथॉलिक कुटुंबे त्याच धर्मग्रामात राहतात आणि काही ठिकाणी मराठीबरोबर इंग्रजीतही मिस्सा होतो. दुसरीकडे डहाणू, तलासरी, जव्हार भागातील धर्मग्रामांत दूरदूरच्या पाड्यांवर विखुरलेल्या आदिवासी भाविकांपर्यंत धर्मगुरूंना स्वतःच जावे लागते. एकीकडे दाटी आणि दुसरीकडे अंतर; अडचण मात्र दोन्हीकडे एकच आहे. माणूस नजरेआड राहून जातो.

धर्मगुरू आणि सल्लागार मंडळे

धर्मग्रामाची जबाबदारी प्रमुख धर्मगुरूंवर असते आणि मोठ्या धर्मग्रामांत त्यांच्या मदतीला साहाय्यक धर्मगुरू असतात. कॅनन लॉचे ५२९ वे कलम प्रमुख धर्मगुरूंची कर्तव्ये स्पष्ट करते. त्यांनी आपल्यावर सोपविलेल्या माणसांना ओळखावे, कुटुंबांना भेटी द्याव्यात, त्यांच्या चिंतांत व विशेषतः मृत्यूच्या दुःखात सहभागी व्हावे, आजारी व मरणासन्न माणसांना धीर द्यावा आणि गरीब, एकाकी, घरादारापासून दुरावलेले अशांकडे विशेष लक्ष पुरवावे, असे त्यात म्हटले आहे. सभा, समारंभ आणि बांधकामे यांचा उल्लेख या यादीत नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

कॅनन लॉच्या ५३६ व्या कलमानुसार बिशपांनी योग्य मानल्यास प्रत्येक धर्मग्रामात पाळकीय मंडळ स्थापन होते. धर्मगुरू, व्रतस्थ भगिनी आणि प्रापंचिक यांचा त्यात समावेश असतो. हे मंडळ सल्लागार स्वरूपाचे आहे. ५३७ व्या कलमाने सांगितलेले अर्थसमिती मंडळ मात्र प्रत्येक धर्मग्रामात असलेच पाहिजे. धर्मग्रामाच्या मालमत्तेच्या व्यवस्थापनात ते प्रमुख धर्मगुरूंना साहाय्य करते. भाविकांनी अर्पण केलेल्या निधीचा हिशेब भाविकांना देण्याची तरतूद १२८७ व्या कलमात आहे. म्हणून हिशेबाविषयी विचारणा करणे यात अविश्वास दाखविण्यासारखे काही नाही.

आठवड्याचा क्रम

धर्मग्रामाचा दिवस पहाटेच्या मिस्साने सुरू होतो. रोजच्या मिस्साला मोजकीच माणसे असतात. त्यांत वृद्धांचा भरणा अधिक. प्रत्येक मिस्सा एखाद्या हेतूसाठी अर्पण होऊ शकतो : मृतांसाठी, आजाऱ्यांसाठी, उपकारस्तुतीसाठी. परंतु रविवारी व बंधनकारक सणांच्या दिवशी प्रमुख धर्मगुरूंनी एक मिस्सा आपल्या सर्व लोकांसाठी अर्पण करणे कॅनन लॉच्या ५३४ व्या कलमाने आवश्यक ठरविले आहे. या मिस्सासाठी कोणाकडून दान घेतले जात नाही. आपण चर्चला गेलो नाही, तरी आपल्यासाठी दर रविवारी हे बलिदान अर्पण झालेले असते, याची पुष्कळांना कल्पना नसते.

रविवारच्या मिस्सामागे अनेक हात राबत असतात. वाचक आदल्या दिवशी पाठ वाचून ठेवतात, गायकवृंद सराव करतो, वेदीसेवक मुले मेणबत्त्या लावतात, कोणी फुले सजवितो, कोणी दाराशी उभा राहून म्हाताऱ्यांना हात देतो. १० जानेवारी २०२१ रोजी पोप फ्रान्सिस यांनी वाचक व वेदीसेवक ही अधिकृत सेवापदे स्त्रियांनाही खुली केली. त्याच वर्षी १० मे रोजी त्यांनी श्रद्धाशिक्षकाचे सेवापद स्थापन केले.

रविवारी मिस्साच्या आधी किंवा नंतर श्रद्धाशिक्षणाचे वर्ग भरतात. बहुतेक शिक्षक प्रापंचिक असून विनामोबदला काम करतात. पहिला ख्रिस्तप्रसाद व दृढीकरण यांची तयारी याच वर्गांतून होते. मुलांसाठी चालणाऱ्या प्रत्येक उपक्रमात त्यांच्या सुरक्षिततेची जबाबदारी धर्मग्रामावर असते. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास ती पोलिसांना कळविणे प्रत्येकाला बंधनकारक आहे. श्रद्धाशिक्षक, युवा मार्गदर्शक आणि पालक या सर्वांना हा नियम ठाऊक असावयास हवा.

नोंदवह्या

चर्च कार्यालयातील कपाटात ठेवलेल्या नोंदवह्या हा धर्मग्रामाचा सर्वांत शांत, पण अतिशय महत्त्वाचा ठेवा होय. ट्रेंट परिषदेने १५६३ साली विवाहाची नोंदवही ठेवण्याचा आणि बाप्तिस्म्याच्या नोंदीत धर्ममातापित्यांची नावे लिहिण्याचा आदेश दिला. १६१४ सालच्या रोमन विधिग्रंथात पाच वह्या सांगितल्या आहेत : बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह, मृत्यू आणि कुटुंबांची नोंद. या पाचव्या वहीत घरोघरच्या माणसांची नावे व त्यांनी स्वीकारलेले संस्कार लिहावयाचे असत. म्हणजे धर्मगुरूने दारोदार फिरल्यावाचून ती वही पूर्ण होऊ शकत नसे.

आजच्या कॅनन लॉने बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू या नोंदी आवश्यक ठरविल्या आहेत. त्यांत बाप्तिस्म्याची नोंद मूळ मानली जाते. दृढीकरण, विवाह, दत्तकविधान, गुरुदीक्षा आणि आजन्म व्रतग्रहण यांच्या टिपा पुढे त्याच नोंदीच्या शेजारी लिहिल्या जातात. विवाह दुसऱ्या गावी झाला, तर तेथील धर्मगुरूंनी बाप्तिस्म्याच्या धर्मग्रामाला कळवावे लागते. लग्न ठरल्यावर घरात जुना दाखला असतानाही नव्याने काढलेला दाखला मागतात, त्याचे कारण हेच. जुन्या दाखल्यावर नंतरच्या टिपा नसतात.

या संदर्भात काही व्यावहारिक सूचना उपयोगी पडतील.

बाप्तिस्मा बाळाच्या जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत करावा, असे कॅनन लॉ सांगतो. धर्मपिता अथवा धर्ममाता यांपैकी एक जण असला तरी पुरे. दोघे असल्यास एक पुरुष व एक स्त्री असावी. सर्वसाधारण नियमानुसार त्यांनी वयाची सोळा वर्षे पूर्ण केलेली असावीत, त्यांचे दृढीकरण झालेले असावे आणि ते बाळाचे आईवडील नसावेत.

बाप्तिस्म्याचा दाखला हा सरकारी जन्मदाखल्याला पर्याय नाही. १ ऑक्टोबर २०२३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पारपत्रापर्यंतच्या कामांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून नोंदणी कार्यालयाचा जन्मदाखलाच लागतो. म्हणून बाळाचे नाव व आडनाव दोन्ही ठिकाणी एकाच पद्धतीने लिहिले जाईल, याची पालकांनी काळजी घ्यावी. आपल्याकडे एकाच आडनावाची चार प्रकारची स्पेलिंगे प्रचलित असतात आणि परदेशी जाण्याच्या वेळी त्यांवरून धावपळ होते. चर्चमधील मूळ नोंद कोणालाही मनाप्रमाणे खोडता येत नाही. दुरुस्तीसाठी पुराव्यांनिशी चर्च कार्यालयात अर्ज करावा.

बाप्तिस्म्याची नोंद सापडलीच नाही, तरी निराश होण्याचे कारण नाही. कोणाच्या हिताला बाध येत नसेल, तर एका विश्वासार्ह साक्षीदाराचे निवेदनही पुरावा म्हणून चालते. प्रौढपणी बाप्तिस्मा घेतलेल्या व्यक्तीचे स्वतःचे शपथपूर्वक निवेदनही ग्राह्य मानले जाते. विवाहाच्या बाबतीत, अधिकृत धर्मगुरू आणि दोन साक्षीदार यांची उपस्थिती ख्रिस्तसभेच्या नियमाने आवश्यक आहे. देशाच्या कायद्याच्या दृष्टीने हे विवाह १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली येतात.

नोंदवही म्हणजे केवळ कागदपत्र नव्हे. ज्याने सारे आयुष्य चर्चचा उंबरा ओलांडला नाही, त्याचेही नाव बाप्तिस्म्याच्या वहीत तसेच राहते. समाजाने त्याला विसरावे. वही विसरत नाही.

आजारी आणि वृद्ध यांची सेवा

धर्मग्रामाची खरी कसोटी चर्चमध्ये येऊ न शकणाऱ्या माणसांच्या बाबतीत लागते. पुष्कळ घरांत मुले नोकरीनिमित्त परदेशी किंवा शहराच्या दुसऱ्या टोकाला आणि आईवडील मागे, अशी स्थिती आहे. गुडघे दुखू लागले की म्हातारी माणसे प्रथम रोजच्या मिस्साला, मग रविवारच्या मिस्साला येईनाशी होतात. काही महिन्यांनी त्यांची जागा रिकामी आहे, हेही कोणाच्या लक्षात येत नाही.

अशा आजाऱ्यांसाठी धर्मगुरू घरोघरी जाऊन पापनिवेदन ऐकतात व ख्रिस्तप्रसाद देतात. पुष्कळ धर्मग्रामांत महिन्याचा पहिला शुक्रवार यासाठी राखलेला असतो. एकट्या धर्मगुरूंना सर्वांपर्यंत पोहोचणे अशक्य असल्यामुळे २९ जानेवारी १९७३ रोजी रोमने प्रशिक्षित प्रापंचिकांना व व्रतस्थांना ख्रिस्तप्रसाद देण्याचे साहाय्यक सेवाकार्य सोपविण्याची परवानगी दिली. हे सेवक ‘पिक्स’ नावाच्या छोट्या डबीतून ख्रिस्तप्रसाद नेतात. वाटेत गप्पा मारीत, खरेदी करीत न जाता थेट आजाऱ्याच्या घरी जावयाचे असते.

घरच्या मंडळींनी एका लहान मेजावर स्वच्छ पांढरे कापड अंथरावे, क्रूस ठेवावा व मेणबत्ती लावावी. दूरदर्शन संच बंद करावा आणि शक्य असल्यास कुटुंबीयांनी प्रार्थनेत सहभागी व्हावे. ख्रिस्तप्रसादापूर्वी एक तास काही न खाण्याचा नियम वृद्धांना, आजाऱ्यांना आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना लागू नाही. त्यामुळे औषधाची वेळ टाळण्याचे कारण नाही.

आजाऱ्यांच्या तैलाभ्यंगाविषयी अद्याप मोठा गैरसमज आहे. फादरांना बोलाविले म्हणजे आता आशा सुटली, असे समजून नातेवाईक शेवटच्या घटकेपर्यंत थांबतात आणि बहुधा आजारी व्यक्ती शुद्धीवर नसताना धावत चर्चला येतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्पष्ट केले आहे की, हा केवळ मरणाच्या दारी असलेल्यांचा संस्कार नव्हे. गंभीर आजारात किंवा वार्धक्याच्या दुर्बलतेत, तसेच मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी तो घेता येतो. आजार बळावल्यास किंवा बरे झाल्यावर पुन्हा गंभीर दुखणे आल्यास तो पुन्हाही घेता येतो. १९७२ साली पोप पॉल सहावे यांनी नव्या विधीस मान्यता दिली. त्यानुसार कपाळावर आणि हातांवर तेल लावले जाते. हा संस्कार फक्त धर्मगुरूच देऊ शकतात. मरणासन्न व्यक्तीसाठी खरा अंतिम संस्कार म्हणजे वाटेची शिदोरी म्हणून दिला जाणारा ख्रिस्तप्रसाद होय. म्हणून आमची वाचकांना कळकळीची विनंती आहे : आजारी माणूस बोलू शकतो, प्रार्थना करू शकतो, मनातले सांगू शकतो, तेव्हाच धर्मगुरूंना कळवा.

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे चर्च बंद झाली. महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी परत खुली झाली. त्या काळात मिस्सा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर पोहोचला. परंतु ख्रिस्तप्रसाद, तैलाभ्यंग आणि दुःखितांच्या पाठीवरचा हात पडद्यावरून पोहोचू शकला नाही. निरोगी माणसांनी ते दिवस काही काळ अनुभवले. अंथरुणाला खिळलेली माणसे ते रोजच अनुभवतात.

११ फेब्रुवारी हा जागतिक रुग्ण दिन १९९३ सालापासून पाळला जातो, तर जुलैचा चौथा रविवार २०२१ पासून आजीआजोबा व वृद्धांसाठी राखला आहे. या दिवशी आजाऱ्यांना गाड्यांतून चर्चमध्ये आणून सामुदायिक तैलाभ्यंग देण्याचा प्रघात स्तुत्य आहे. उरलेल्या दिवसांत त्यांच्याकडे जाणारा कोणी आहे ना, हे पाहणे त्याहून महत्त्वाचे.

गरिबांची सेवा

२३ एप्रिल १८३३ रोजी पॅरिसमध्ये वीस वर्षांच्या फ्रेडरिक ओझानाम या विद्यार्थ्याने मित्रांसह जी संस्था सुरू केली, तीच पुढे संत व्हिन्सेंट डी पॉल संस्था या नावाने जगभर पसरली. ओझानाम यांना १९९७ साली धन्यवादित घोषित करण्यात आले. संस्थेच्या धर्मग्रामातील शाखेचे सभासद नियमित सभा घेतात व जोडीने गरजू कुटुंबांच्या घरी जातात. धान्य, शाळेची फी, औषधे, घरदुरुस्ती अशी मदत दिली जाते. सभेत निधी गोळा करताना कोणी किती दिले हे उघड होत नाही आणि कोणाला मदत मिळाली याचीही वाच्यता केली जात नाही.

ही गुप्तता फार मोलाची आहे. आपल्या समाजात गरिबीपेक्षा तिची चर्चा अधिक बोचते. ज्यांची जमीन विकली गेली, पैसा सरला आणि नोकरी नाही, अशी कुटुंबे बाहेरून सुस्थित दिसतात. ती कार्यालयात येऊन हात पसरत नाहीत. त्यांच्यापर्यंत जाणारे पाऊल अगोदर उचलावे लागते. मदतीचे छायाचित्र काढून ते प्रसिद्ध करण्याची जी रीत अलीकडे पडू पाहत आहे, ती या परंपरेशी विसंगत आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

१९२१ साली डब्लिनमध्ये फ्रँक डफ यांनी स्थापन केलेली लिजन ऑफ मेरी ही संघटनाही गृहभेटींवर भर देते. महिला मंडळे, युवा संघटना, गायकवृंद, व्यसनमुक्तीसाठी झटणारे गट आणि व्रतस्थ भगिनींची आरोग्य व शिक्षणसेवा यांचा या कार्यात मोठा वाटा असतो. मृत्यूच्या प्रसंगी तर साऱ्या गावाचे सहकार्य लाभते. चर्चची घंटा वाजते, माणसे जमतात, जपमाळ म्हटली जाते, दफनविधीची तयारी होते. नव्या वसाहतीतील कुटुंबाला मात्र या वेळी कोणाला हाक मारावी, तेच ठाऊक नसते.

लघुख्रिस्ती समूह

हीच उणीव भरून काढण्यासाठी लघुख्रिस्ती समूहांची योजना आहे. आशियातील बिशपांच्या महासंघाने १९९० साली बांडुंग येथील अधिवेशनात ख्रिस्तसभा ही समूहांचा समूह व्हावी, असा विचार मांडला. जवळपास राहणारी काही कुटुंबे एका समूहात येतात आणि आळीपाळीने एकमेकांच्या घरी जमतात. दक्षिण आफ्रिकेतील लुम्को संस्थेने विकसित केलेली शुभवर्तमान मननाची सात पायऱ्यांची पद्धत यासाठी पुष्कळ ठिकाणी वापरली जाते : प्रभूला आमंत्रण, वाचन, मनाला भिडलेल्या शब्दांचा उच्चार, मौन, अनुभवांची देवाणघेवाण, काय करावयाचे याचा विचार आणि अखेरची प्रार्थना.

यांतील सहावी पायरी सर्वाधिक दुर्लक्षित राहते. प्रार्थना होते, चहा होतो आणि मंडळी उठतात. वास्तविक समूहात कोण आजारी आहे, कोणाकडे अडचण आहे, नवे बिऱ्हाड कोणते आले, कोणाचे मन दुखावले आहे, हे त्याच वेळी विचारावयाचे असते. मोठ्या धर्मग्रामात धर्मगुरूंना प्रत्येक घर माहीत असणे कठीण. पण एका जिन्यावरच्या चार घरांना एकमेकांची खबर असणे कठीण नाही. पूर्वी आळीच्या क्रूसाजवळ मे आणि ऑक्टोबर महिन्यांत जपमाळेसाठी जमणारी माणसे नकळत हेच करीत असत. आजचा समूह हा त्या क्रूसाजवळच्या मेळाव्याचाच नवा अवतार मानता येईल.

वर्षाचा क्रम

आगमनकाळापासून उपासनावर्षाचा प्रारंभ होतो. नाताळनंतर राखेच्या बुधवारी प्रायश्चित्तकाळ सुरू होतो. शुक्रवारी क्रूसाची वाट, उपवास आणि दानधर्म यांचे हे दिवस. झावळ्यांच्या रविवारपासून पवित्र आठवडा आणि पास्का जागरणविधीने पुनरुत्थानाचा सोहळा. १५ ऑगस्ट रोजी मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा सण आणि स्वातंत्र्यदिन एकत्र येतात. मिस्सानंतर चर्चच्या अंगणात राष्ट्रध्वज फडकतो. २ नोव्हेंबर रोजी दफनभूमीतील प्रत्येक थडग्यावर फुले व मेणबत्त्या दिसतात. ज्या थडग्यावर कोणी आलेले नसते, तेथेही एखादी शेजारीण एक मेणबत्ती लावून जाते. २०१७ पासून सामान्यकाळाचा तेहतिसावा रविवार जागतिक गरीब दिन म्हणून पाळला जातो. या सर्वांच्या जोडीला चर्चच्या आश्रयदात्या संतांचा सण व त्यापूर्वीची नोव्हेना असते.

नव्याने राहावयास आलेल्या कुटुंबांसाठी

धर्मग्रामात नव्याने राहावयास आल्यावर प्रथम चर्च कार्यालयात जाऊन कुटुंबाची नोंद करावी. बाप्तिस्मा व विवाहाचे दाखले जवळ ठेवावेत. आपला लघुख्रिस्ती समूह कोणता व त्याचे समन्वयक कोण, हे विचारून घ्यावे. घरात वृद्ध किंवा आजारी व्यक्ती असल्यास ते आवर्जून सांगावे आणि भ्रमणध्वनी क्रमांक द्यावा. मुलांचा श्रद्धाशिक्षणात प्रवेश वर्षारंभीच घ्यावा. विवाह ठरल्यास तारीख व सभागृह निश्चित करण्यापूर्वी धर्मगुरूंना भेटावे, कारण विवाहपूर्व प्रशिक्षण, चौकशी व जाहीर घोषणा यांना वेळ लागतो.

जुन्या रहिवाशांसाठीही एक सूचना करावीशी वाटते. नवे कुटुंब कार्यालयात येईल, याची वाट पाहू नये. एकाच इमारतीत राहणाऱ्याने दार ठोठावून आपली ओळख करून द्यावी. भाषा वेगळी असली तरी प्रभूची प्रार्थना दोघांनाही येत असते.

धर्मग्रामाच्या वार्षिक अहवालात किती मिस्सा झाले, किती निधी जमला, किती कार्यक्रम पार पडले याचे आकडे असतात आणि ते असणे आवश्यकही आहे. परंतु यरुशलेमच्या त्या पहिल्या समुदायापुढे जो प्रश्न उभा राहिला होता, तो प्रत्येक सभेच्या विषयपत्रिकेवर सर्वांत वर असावा, असे आम्ही नम्रपणे सुचवितो : आपल्यातील कोण राहून गेले? त्याचे नाव उच्चारले जाईल आणि त्या घरी कोण, कोणत्या वारी जाणार हे ठरेल, तेव्हाच ती सभा सार्थकी लागली असे म्हणता येईल.